बेट आणि टापू

बालाघाटच्या बाजारात एका प्रवासी कचेरीच्या भिंतीवर फ्लेक्स टांगलेला आहे. निळंशार पाणी, तांदळाच्या पिठासारखी वाळू आणि पाण्यावर कमरेतून वाकलेला एक माड. वर अंदमानचं नाव, खाली पाच रात्री आणि सहा दिवसांचा भाव. भावाचा आकडा मात्र वाचता येत नाही, कारण त्याच्यापुढे एक बाई सुपं, टोपल्या, परड्या आणि खराटे रचून बसलेली असते. फ्लेक्स जरा पुढे झुकलेला असल्यानं दुपारी त्याची सावली पडते, सावलीत ओल्या कामट्या लवकर कडक होत नाहीत, म्हणून तिनं ही जागा धरली आहे. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं, तर टोपल्यांचा ढीग त्या माडाच्या बुंध्याशीच लागल्यासारखा दिसतो. जणू होडी आत्ताच वाळूवर ओढली आहे आणि माल उतरवायचा राहिला आहे.

फ्लेक्स हिंदीत आहे, त्यामुळे त्यावर शब्द आहे ‘टापू’. बाईला बांबू कुठला असं विचारलं, तर ती हात नुसता उत्तरेकडे, डोंगराच्या दिशेनं करते आणि म्हणते, “बेटातला हाये.”

या दोन शब्दांत सगळी गंमत आहे. मराठीत बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन, हे शाळेतलं उत्तर. पण बेट म्हणजे बांबूचा एका जागी दाटून उगवलेला समूहही. ज्यानं जन्मात समुद्र पाहिला नाही, ज्याला वैनगंगेचा पूर हेच सगळ्यात मोठं पाणी वाटतं, त्याच्याही तोंडी बेट हा शब्द रोजचा. वनखात्याच्या इकडच्या हिंदीत त्याच बेटाला ‘भिर्रा’ म्हणतात. टापूचं उलट. हिंदीत तो समुद्रातला, मराठीत मुलखाचा एक पट्टा, बहुतेक वेळा पायी तुडवलेला. दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलणाऱ्या या गावात मग हिंदीतल्या टापूवर जायला विमान लागतं आणि मराठीतला टापू चपलेखालीच असतो. बेटाचंही तसंच. एक बेट एलटीसीवर बघता येतं, दुसरं कुऱ्हाड घेऊन.

समुद्र इथून कुठल्याही दिशेला पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. म्हणूनच बहुधा समुद्राची ओढ जास्त. सरकारी नोकरीतली, खाणींतली, शाळांतली माणसं आयुष्यात एकदा तरी अंदमानला जाऊन येतात. येताना शिंपल्यांच्या माळा आणतात, आणि त्या माळा पुढे वर्षभर टीव्हीच्या कोपऱ्यावर लोंबतात. फोटोत माड हवाच. खरं तर अंदमानच्या किनाऱ्यावरचा माडही बाहेरचाच. निकोबारात तो उदंड, उत्तरेच्या कोको बेटांना तर नावच त्याचं. पण अंदमानच्या मूळ जंगलात नारळ जवळपास नव्हता. १८५८ साली पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत झाली, जंगल तोडलं गेलं आणि मग नारळाच्या बागा लागल्या. ज्या झाडाशिवाय बेटाचं चित्र पुरं होत नाही, ते झाड कैद्यांच्या मागोमाग आलेलं आहे.

फ्लेक्सवर दिसत नाही अशी एक इमारत मात्र मराठी प्रवासी चुकवत नाही. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झालं. मधला मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारखे निघालेले सात लांब कक्ष. आज त्यांतले तीन उभे आहेत. एका कक्षाच्या कोठड्यांची दारं पुढच्या कक्षाच्या पाठीकडे उघडत, म्हणजे समोर पाहिलं तरी माणूस दिसू नये. बेटावर तुरुंग, तुरुंगात कोठडी, कोठडीत एकेकटा माणूस. बाबाराव सावरकर तिथे होतेच, १९११ मध्ये धाकटे बंधू विनायकही आले, आणि एकाच इमारतीत असून दोघा भावांची बराच काळ भेट झाली नाही. मार्गदर्शक हे सांगतो तेव्हा बोलणी थांबतात. नंतर बोट पकडून मंडळी निळ्या पाण्याकडे जातात. जुनं हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप झालं आहे, नील बेट शहीद द्वीप. राधानगरची वाळू मात्र तशीच पायाखाली चुरचुरते. अधूनमधून कुणी क्षितिजाकडे बोट दाखवून बॅरन बेटाची चौकशी करतं. दक्षिण आशियातला एकमेव जिवंत ज्वालामुखी तिथे आहे, माणूस एकही नाही.

तिकडून परतलेला बालाघाटकर गोंदियाला गाडी बदलतो आणि घाटांच्या मुलखाकडे निघतो.

जिल्ह्याच्या नावातच घाट आहे आणि तो नदीचा नाही, डोंगराचा आहे. मैदान संपून सातपुड्याच्या मैकल रांगा चढू लागतात, तिथले हे घाट. १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून ब्रिटिशांनी हा नवा जिल्हा केला. मुख्यालयासाठी निवडलेल्या गावाचं नाव तेव्हा बुढा होतं. शहरातली बूढी नावाची वस्ती त्याची आठवण ठेवून आहे. खाली वैनगंगेच्या काठची धानाची सपाट जमीन, वर बैहरचं पठार, मध्ये जंगल. जिल्ह्याचा अर्ध्याहून जास्त भाग आजही जंगलाखाली आहे.

या पठारावर पाण्याची एक वाटणी होते. बंजर आणि हालोन या नद्या उत्तरेकडे वळतात, त्यांचं पाणी नर्मदेला मिळतं आणि खंभातच्या आखातात जातं. दक्षिण उतारावरचं पाणी वैनगंगेत येतं. ती पुढे भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली करत वर्धेला भेटते, प्राणहिता होते, गोदावरीत मिसळते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. त्याच उपसागराच्या पलीकडच्या कडेला अंदमान. म्हणजे बैहरकडच्या एखाद्या टेकाडावर पाऊस पडतो तेव्हा शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांतला एक अरबी समुद्राला जातो आणि दुसरा काळ्या पाण्याला. तिथे राहणाऱ्याला या वाटणीचा पत्ताही नसतो. त्याला फक्त पाणी वावरात थांबतं की वाहून जातं एवढंच बघायचं असतं.

बांबूच्या बेटाकडे जवळून पाहावं ते श्रावणात. नवे कोंब जमिनीतून वर येतात, तपकिरी लवेच्या खोळा घातलेले, टोकाला अणकुचीदार. विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी होते, म्हणून पहाटे जंगलात बायकांची लगबग असते आणि दुपारी वनरक्षकांची. कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेला फुटतात. जुने बांबू आत अडकत जातात, एकमेकांत गुंतून वाळतात, आणि बेट बाहेरून हिरवं, आतून करडं होत पसरत जातं. तोडणाऱ्याला म्हणून थेट आतला बांबू हाती लागत नाही. नवे कोंब ज्या बाजूला नाहीत त्या बाजूनं घोड्याच्या नालेसारखी वाट पाडायची, आतले पिकलेले काढायचे, कडेची पोरं राखायची, ही जंगलातली शिस्त. बालाघाटात वनखात्याचं जुनं प्रशिक्षण विद्यालय आहे, तिथले शिकाऊही हे शिकतात आणि टोपल्यावाल्या बाईचा नवराही हे जाणतो. दोघांनी ते एकमेकांकडून शिकलेलं नाही.

इथला मुख्य बांबू जवळजवळ भरीव असतो. विदर्भातले लोक त्याला मानवेल म्हणतात. लाठीला, घराच्या आढ्याला, मांडवाला हाच. कागदाच्या गिरण्यांनाही हाच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात बांबू म्हणजे गवत, पण १९२७ च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं. त्यामुळे घरच्या कुंपणातला बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तरी कागदपत्रं लागत. २०१७ मध्ये जंगलाबाहेरच्या बांबूपुरती ही व्याख्या बदलली, म्हणजे नव्वद वर्षांनी कायद्यानं गवताला गवत म्हटलं. जंगलातला बांबू अजून वन कायद्याखालीच आहे.

आणि मग तो फुलोरा. मानवेलाचं एक बेट फुललं तर फारसं काही नाही. पण काही दशकांनी, साधारण चाळीसएक वर्षांनी, डोंगरच्या डोंगर एकदम फुलतात. गव्हाच्या ओंब्यांसारखे झुबके लटकतात, तांदळासारखं बी झडतं, उंदीर आणि रानडुकरं माजतात, आणि आख्खं रान वाळून उभं राहतं. दुष्काळ येणार असेल तेव्हाच वेळू फुलतो, असं जुनी माणसं म्हणत. त्याच वेळूचं बी दुष्काळात शिजवून खाल्लं जाई, हेही तीच सांगत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा जिल्हा इतका पिचला, की १९०१ च्या खानेसुमारीत माणसं दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. फुलोऱ्यानंतर एखादं पावसाळ्याचं पाणी पडतं आणि वाळलेल्या काठ्यांच्या पायाशी गवताच्या पात्यांइतकी बारीक रोपं दिसू लागतात. त्यांचं बेट व्हायला बरीच वर्षं लागतात. तोवर बुरडांना दुसरं रान शोधावं लागतं.

गवताचा विषय निघालाच आहे, तर बारासिंग्याकडे जायला हवं.

कान्हाचं जंगल मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलं आहे. नागपूरकडून येणारे पुष्कळ प्रवासी मुक्कीच्या फाटकातून आत शिरतात; ते फाटक बालाघाटच्या बैहर तालुक्यात, बंजर नदीच्या काठी आहे. सगळ्यांना वाघ हवा असतो. जिप्सी धुरळा उडवत कुरणाच्या कडेनं जाते आणि कुरणात गुडघाभर गवतात उभे असलेले काळवंडलेले नर कुणाच्या फारसे ध्यानात येत नाहीत. माजाच्या दिवसांत, हिवाळ्यात, हे नर शिंगं गवतात खुपसतात आणि ओल्या गवताचे भारे शिंगांवर घेऊन मिरवतात. बोहल्यावर चढायला निघालेल्या नवरदेवासारखे. त्यांची हाळी मात्र त्या रुबाबाला शोभणारी नाही, दूरवर कुणीतरी गाढव ओरडावं तशी.

देशात बारासिंगे तीन ठिकाणी आहेत: तराईत, आसामात आणि इथे. तराई-आसामातले दलदलीत राहतात आणि त्यांचे खूर पसरट असतात. कान्हाच्या बारासिंग्यानं कोरडी, कठीण जमीन पत्करली आणि त्याचे खूर आवळलेले, टणक झाले. मध्य प्रांतातले वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचं नाव या उपजातीला मिळालं. एकेकाळी मध्य भारतात दूरवर पसरलेला हा प्राणी शिकारीनं आणि नांगरानं मागे रेटला गेला, आणि १९७० साली गणती झाली तेव्हा कान्हात ६६ जनावरं उरली होती. कान्हाबाहेर एकही नाही. जगात कुठेही नाही.

त्याच्या थोडं आधी, १९६७ साली, दोन पुस्तकं निघाली. जॉर्ज शॅलर नावाचा जीवशास्त्रज्ञ कान्हात मुक्काम ठोकून होता. हरणं आणि वाघ यांच्यावरचा त्याचा ग्रंथ त्या वर्षी आला. आणि अमेरिकेतल्या मॅकआर्थर आणि विल्सन या दोघांनी बेटांवरच्या जीवसृष्टीची उपपत्ती मांडली. बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून जितकं दूर, तितक्या तिथल्या जाती थोड्या, आणि एखादी नाहीशी झाली तर ती जागा भरून निघायला तितका उशीर. दोघांचा मूळ विषय समुद्रातली बेटं. पण ही मांडणी वाचणाऱ्यांना हळूहळू कळू लागलं, की शेतांनी वेढलेलं जंगल, जंगलानं वेढलेलं कुरण, डोंगराचा माथा, हीसुद्धा बेटंच आहेत. पाण्याच्या जागी धानाची बांधी असेल, डांबरी रस्ता असेल. बारासिंग्याला दोन्ही सारखेच अथांग.

असल्या बेटावर काय होतं, याचा जगाला माहीत असलेला धडा मॉरिशसमधला आहे. १५९८ साली डच खलाशी तिथे उतरले तेव्हा त्यांना एक थोराड, न उडणारा, न भिणारा पक्षी दिसला. शेवटचं खात्रीलायक दर्शन १६६२ सालचं. चौसष्ट वर्षांत डोडो संपला. खलाशांनी खाल्ला त्यापेक्षा त्यांच्याबरोबर आलेल्या उंदीर-डुकरं-माकडांनी त्याची अंडी जास्त फस्त केली. त्यातला एखादा डोडो जिवंत भारतातही येऊन गेला होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेलं एक चित्र रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. चित्रात इतर पक्ष्यांच्या मधोमध तपकिरी डोडो उभा आहे, बदकांच्या गावी पाहुणा आल्यासारखा. डोडोची जी थोडी रंगीत चित्रं जिवंत पक्षी बघून काढली असावीत, त्यांत जाणकार हे चित्र फार वरचं मानतात.

मॉरिशसनं नंतर दुसरा धडाही दिला. तिथला छोटा ससाणा १९७४ मध्ये चारवर आला होता. चार पक्षी, तेही रानात. घरटी राखून, अंडी उबवून, पिल्लं वाढवून लोकांनी त्यांचे शेकडो केले. त्याच दशकात कान्हात बारासिंग्यांना वाघ-कोल्ह्यांपासून वाचवायला कुंपणाचं आवार घातलं गेलं, गवत राखलं गेलं. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. २०१५ मध्ये काही जनावरं सातपुड्याच्या जंगलात नेली, २०२३ मध्ये बांधवगडला. एका बेटावर रोग आला, आग लागली, तर दुसऱ्यावर तरी उरावीत. २०१७ मध्ये कान्हानं आपल्या बारासिंग्याचं ‘भूरसिंग’ असं नाव ठेवून त्याला शुभंकर केलं. टोपीवर, मगवर, टी-शर्टवर तो हसतो.

कुरण राखलं गेलं म्हणजे काय झालं, हे मात्र टी-शर्टवर मावत नाही. त्या काळात मंडल्याचे कलेक्टर असलेले एम. के. रणजितसिंह यांनी बारासिंग्यासाठी सौंफसारख्या गावाची जागा मोकळी करण्यात पुढाकार घेतला, आणि पुढे आसामातल्या बारासिंग्याच्या उपजातीला त्यांचं नाव दिलं गेलं. गावं उठली, शेतं गवताखाली गेली. कान्हाच्या कितीतरी सुरेख कुरणांत कडेला एखादं जुनं आंब्याचं झाड दिसतं. असा आंबा कुरणात आपोआप उगवत नाही. कुणीतरी अंगणात कोय टाकलेली असते. उन्हाळ्यात त्याखाली चितळं येतात, पाडाला लागलेली कैरी खातात. ज्यांनी कोय टाकली ते गोंड-बैगा आता फाटकाबाहेरच्या वस्तीत असतात, आणि त्यांची नातवंडं मुक्कीला गाईड म्हणून, जिप्सीचालक म्हणून पुन्हा आत येतात. गवताचं नाव ते अचूक सांगतात. विचारलं तर गावाचंही सांगतात, पण विचारतं कोण.

माणसांसाठी बेट आखण्याचा खटाटोपही इथे एकदा झाला आहे. बैगा नांगर धरत नसत. धरणीमायच्या छातीत फाळ घालायचा नाही, हा त्यांचा धर्म. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत बी टाकायचं, दोन-तीन पिकं घेऊन पुढे सरकायचं, ही त्यांची ‘बेवर’. वनखात्याला ती खपेना. शेवटी १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात एक हद्द आखली गेली आणि त्या हद्दीतच बेवर करा असं ठरलं. ‘बैगा चक’ हे नाव अजून चालू आहे. तो भाग आता दिंडोरी जिल्ह्यात येतो. व्हेरिअर एल्विन यांनी बैगांवर लिहिलेला ग्रंथ १९३९ मध्ये आला, तोवर बेवर करणारे बैगा त्या चौकोनापुरतेच उरले होते. नकाशावर कुणीतरी पेन्सिलीनं किनारा काढला आणि त्यापलीकडच्या सगळ्या डोंगराचा एका रात्रीत समुद्र झाला.

मॉरिशसला पुन्हा एकदा जावं लागेल, कारण तिथेही एक घाट आहे. पोर्ट लुई बंदरात काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत, नाव आप्रवासी घाट. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. गुलामगिरी उठल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४ ते १९२० या काळात भारतातून जवळपास पाच लाख माणसं या पायऱ्या चढली. बहुतेक कलकत्त्याहून, भोजपुरी बोलणारी. पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली, रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसंही होती. आज त्यांच्या पणतू-खापरपणतूंच्या घरात क्रिओल बोलली जाते, शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी, आणि तरीही मराठी हा विषय तिथल्या शाळांत आहे, मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत शिकवला जातो, आणि गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते. लग्नाघरी गोंधळ, सणाला झाकरीचा नाच. मातीचा गणपती उसाच्या शेतामधल्या वाटेनं नदीकडे किंवा समुद्राकडे निघतो तेव्हा मागे काळे, धारदार डोंगर असतात. रत्नागिरीकराला ते कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले, तर त्यात नवल नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या भट्टीतून दख्खनचा काळा दगड ओतला गेला, त्याच भट्टीतून खूप नंतर, ऐंशी-नव्वद लाख वर्षांमागे मॉरिशस वर आलं, असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. सह्याद्री त्या लाव्हाचा. बालाघाटच्या शेजारच्या मंडल्याचे काळे माथेही त्याच लाव्हाचे. भट्टी समुद्राखाली राहिली, जमीन उत्तरेला सरकत आली.

मराठीचं बेट बघायला मात्र इतक्या लांब जायची गरज नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा मुलूख होता. नंतरच्या मध्य प्रांतात बालाघाट नागपूर विभागातच राहिला. १९५० नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानीही नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी चारशेहून जास्त किलोमीटरवरच्या भोपाळला गेली, आणि बालाघाट होतं तिथेच राहिलं. माणसं हलली नाहीत, किनारा हलला. तेव्हापासून शाळेचा फळा हिंदीत, सातबारा नाही तर खसरा. लांजी, किरनापूरकडच्या घरांत मात्र सोयरिकी गोंदिया-भंडाऱ्याशीच होतात, कारण बाघ नदी ओलांडली की मामाचं गाव येतं. एका ओसरीवर पोवारी, मराठी आणि हिंदी अशा तीन बोली एकाच ताटलीत वाढल्यासारख्या चालतात. आजी मराठीतून हाक मारते, नातू हिंदीतून ओ देतो, आणि आई दोघांना पोवारीतून जेवायला बोलावते. ताटात चिन्नोरचा भात असतो. बालाघाटच्या या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कागदावर आधी त्याची हद्द ठरली, वास मात्र शेजारच्या अंगणात जायचा तसा जातो.

जंगलांच्या बेटांनाही असे सोयरिकीचे रस्ते आहेत. कान्हातून पेंचकडे जाणारी रानाची एक तुटक पट्टी बालाघाट-सिवनीतून जाते. वाघ ती वापरतात. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ काही ठिकाणी खांबांवर उचलला आहे, वर ट्रक, खाली जनावरं. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत रात्री खांबाच्या आडोशानं जाणारा वाघ दिसतो. मान खाली, पावलं उरकती. डोक्यावरून गडगडत काय जातंय याच्याशी त्याला कर्तव्य नसावं. किपलिंग यांच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मुळे सिवनीचे डोंगर आणि वैनगंगा जगभर पोचले, लिहिणारे स्वतः इकडे आले नव्हते. त्यांच्या वाघाला रस्ता ओलांडायचा प्रश्न पडला नाही.

वैनगंगा मात्र दर वर्षी आपली बेटं आपण तयार करते. मार्च-एप्रिलमध्ये पाणी बारीक होतं, पात्रात वाळूची पाठ उघडी पडते, आणि ढिवर कुटुंबं तिच्यावर टरबूज-डांगराच्या वाड्या लावतात. पळसाच्या फांद्यांची झोपडी, वाळूत खणलेला झिरा, बाजेवर म्हातारा राखणदार. काठावरून हाक मारली, तर गुडघाभर पाण्यातून पोरगं फळ घेऊन येतं. रात्री तिथे कंदील दिसतो, पुलावरून जाणाऱ्या गाडीतून तो दूरच्या गलबतासारखा वाटतो. ही बेटं कुठल्याच नकाशावर नाहीत. पुढच्या वर्षी त्याच जागी येतील असंही नाही. मृगाच्या आसपास एके रात्री वरच्या अंगाला पाऊस होतो, सकाळी झोपडीचे वासे आणि बाज काठावर आलेले असतात, आणि जिथे वाडी होती तिथे गढूळ पाणी गोल गोल फिरत असतं.

पावसाळा लागला की प्रवासी कचेरीचाही हंगाम सरतो. समुद्र खवळलेला, बोटींचा भरवसा नाही, कुणी विचारायला येत नाही. फ्लेक्स उतरवला जातो. दिवाळीच्या सुट्ट्यांसाठी नवा लागेल, त्याच्यावर कदाचित मॉरिशस असेल, कदाचित बाली. जुना फ्लेक्स टोपल्यावाली मागून घेते. आता तो तिच्या मालावर पसरलेला असतो, चारही कोपरे विटांनी दाबलेले, निळा समुद्र वर आणि मानवेलाच्या टोपल्या खाली. माड आडवा पडला आहे. भावाचा आकडा पहिल्यांदाच पूर्ण वाचता येतो. सर आली की मधल्या खोलगट भागात, बरोबर वाळू आणि लाटेच्या सीमेवर, खरं पाणी साचतं. ती खालून खराट्याची मूठ लावून तो भाग वर उचलते, समुद्र कडेनं रस्त्यावर सांडतो, आणि पुन्हा हळूहळू भरू लागतो.